पंगत नाकारलेला शास्त्रज्ञ : डॉ. मेघनाद साहा

भारतीय शास्त्रज्ञ म्हटले की आपली मुले रामन, भाभा, कलाम ही नावे सांगतात. मेघनाद साहांचे नाव क्वचितच निघते. निघाले तरी एका समीकरणापुरते. तो माणूस कोणत्या थरातून आला आणि त्याने आपले विज्ञान कुणासाठी वापरले, हे फारसे सांगितले जात नाही.

साहांचा जन्म ६ ऑक्टोबर १८९३ रोजी आजच्या बांगलादेशातील ढाक्याजवळच्या शेवडातली गावी झाला. वडिलांचे छोटे किराणा दुकान. जात बंगालच्या उतरंडीत खालची. मुलाने दुकानावर बसावे, अशी घरची अपेक्षा. अनंतकुमार दास या डॉक्टरांनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतले, म्हणून शिक्षण पुढे चालले. वंगभंगविरोधी निषेधात सामील झाला म्हणून ढाक्याच्या सरकारी शाळेने काढून टाकले, शिष्यवृत्तीही गेली.

१९११ मध्ये साहा कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आले. वसतिगृहातील सवर्ण विद्यार्थ्यांनी त्यांच्यासोबत जेवायला हरकत घेतली. बुद्धी मान्य, पण पंगत वेगळी! हीच ती जातिव्यवस्था.

१९२० मध्ये साहांनी आपले आयनीभवनाचे समीकरण मांडले. प्रचंड उष्णतेत अणूतून इलेक्ट्रॉन सुटतात. किती अणूंतून सुटतील, हे तापमान व दाब यांवरून काढता येते. त्यामुळे ताऱ्याच्या वर्णपटावरून त्याचे तापमान सांगता येऊ लागले. १९२५ मध्ये सेसिलिया पेन यांनी याच समीकरणाच्या आधारे ताऱ्यांत हायड्रोजन सर्वाधिक असल्याचे दाखवले. १९२७ मध्ये साहा रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

एवढ्यावर ते सुखाने जगू शकले असते. पण १९२२ च्या उत्तर बंगालच्या पुरात त्यांनी मदतकार्य केले होते. १९३४ मध्ये मुंबईत सायन्स काँग्रेसच्या अध्यक्षपदावरूनही त्यांनी नद्यांच्या पुराचा प्रश्न मांडला. १९३८ च्या राष्ट्रीय नियोजन समितीत ते होते. १९४३ मध्ये दामोदर नदीला पूर आला, तेव्हा बंगाल सरकारच्या चौकशी समितीतही त्यांनी काम केले. त्याच दामोदर खोऱ्याच्या योजनेसाठी जानेवारी १९४५ मध्ये कोलकात्यात परिषद भरली. तिचे अध्यक्ष होते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळातील मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले.

१९५० मध्ये कोलकात्यात साहांच्या अणुभौतिकी संस्थेचे उद्घाटन झाले. १९५२ मध्ये ते लोकसभेवर निवडून गेले. सरकारच्या अणुऊर्जा धोरणावर त्यांनी सभागृहात उघड टीका केली. पंचांगांचा गोंधळ मिटवणाऱ्या दिनदर्शिका सुधारणा समितीचे ते अध्यक्ष होते. तिने सुचवलेली राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून लागू झाली. ते पाहायला साहा नव्हते. १६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत नियोजन आयोगाच्या कार्यालयाकडे जाताना हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले.

साहा आपल्या चळवळीतले नव्हते. त्यांना ओढूनताणून आपले म्हणण्याची गरज नाही. पण पदवी आणि पद मिळताच समाजाकडे पाठ फिरवणाऱ्या आपल्यातल्या सुशिक्षितांनी हे आयुष्य जरूर वाचावे. ज्याला पंगतीत जागा नाकारली गेली, त्याने पुरात घर वाहून गेलेल्यांचा प्रश्न संसदेच्या व शासनाच्या दारात नेला. विज्ञान शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी ताऱ्यांचा अभ्यास जरूर करावा, पण आपल्या वस्तीत शिरणारे पाणी विसरू नये.