गोरोबाकाकांचा कान

बाजारात माठ घेताना आईकडे कधी नीट पाहिलंय? ती माठ उचलते, बोटानं टकटक वाजवते, कान जवळ नेते आणि मगच भाव करायला लागते. हीच टकटक सातशे वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यातल्या एका माणसानं चक्क संतांच्या डोक्यावर केली. तेरचे गोरोबाकाका, म्हणजे संत गोरा कुंभार.

ज्ञानेश्वर-नामदेवांच्या मेळ्यात ते वयानं थोरले, म्हणून सगळ्यांचे काका. गावही साधं नव्हे. तेर म्हणजे सातवाहन काळातलं तगर, व्यापाराची मोठी पेठ. तिथल्या लामतुरे संग्रहालयात त्या काळातल्या मातीच्या वस्तू आजही बघायला मिळतात. अशा गावात गोरोबा माती तुडवायचे, चाक फिरवायचे, थापटण्यानं मडकी ठोकायचे.

गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. संत जमले होते. मुक्ताबाईनं थापटणं पाहून विचारलं, हे कशासाठी? मडकं कच्चं की पक्कं ते कळतं, असं समजल्यावर तिनं आमचीही परीक्षा घ्या म्हणून सुचवलं. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. सगळे गप्प बसले, नामदेव तेवढे चिडले. निकाल लागला, हे मडकं कच्चं! दुखावलेले नामदेव पुढे औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले, तिथं त्यांना गुरू मिळाला.

आता कुंभाराच्या कानात डोकावू. भाजलेल्या मडक्यात मातीचे कण एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात, म्हणून ठोकलं की ते खणखणतं. कच्च्यात ते कंप जागीच जिरतात, नुसता भद्द आवाज येतो. हा आवाज कानाच्या पडद्यावर आदळतो. पडद्यामागं हातोडा, ऐरण आणि रिकीब अशी तीन हाडं. रिकीब जेमतेम ३ मिलिमीटरचं, शरीरातलं सगळ्यात छोटं हाड. ते हलतं आणि शंखासारख्या कॉक्लिआतला द्रव हिंदकळतो. तिथं प्रत्येक कानात साधारण १५ हजार केशपेशी असतात. बारीक, उंच स्वर शंखाच्या तोंडाशी ओळखले जातात, खर्जातले पार आत टोकाशी. पुढं नसेवाटे निरोप मेंदूकडे. (या पेशी मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. एसटीत फुल्ल आवाजात इअरफोन लावून बसणाऱ्यांनो, ऐकताय ना?)

पण इथवरचा कान तुमचा-माझा सारखाच. मडक्यामागून मडकी वाजवून घडतो तो मेंदू.

आणि याच माणसाला स्वतःच्या पोराचं रडणं ऐकू आलं नाही. कथा सांगते की काका भजनात रंगून माती तुडवत होते, रांगतं लेकरू पायाखाली आलं आणि चिखलात गेलं. लहानपणी मला ही गोष्ट फार भयंकर वाटायची, अजूनही वाटते. कान त्या क्षणीही चालू असणार, कारण कानाला पापणी नसते. पण लक्ष दुसरीकडे गुंतलं की आवाज मेंदूपर्यंत येऊनही जाणवत नाही.

पुढं बायकोनं त्यांना विठ्ठलाची शपथ घातली, मला शिवायचं नाही. ती झोपेत मोडली, म्हणून काकांनी हातच तोडून टाकले. वैद्यकाच्या पुस्तकात स्पर्श हा डोळा, कान, नाक, जीभ यांच्या पंगतीत बसत नाही, कारण त्याला अशी एक जागा नाही. तो अंगभर पसरलेला. तरी बोटांच्या टोकांना तो फार दाट. माती किती मऊ, काठ किती जाड, हे कुंभाराला तिथंच कळतं. म्हणजे काकांनी आपला अर्धा धंदाच कापून टाकला.

पुढं आषाढीला पंढरपुरात कीर्तन रंगलं. लोक टाळ्या वाजवत होते, काकांनीही थोटे हात वर केले, आणि परंपरा म्हणते, हात फुटले. लेकरूही परत मिळालं. कीर्तन कोणाचं होतं? त्याच कच्च्या मडक्याचं, नामदेवांचं.

१३१७ साली चैत्रात काकांनी देह ठेवला. तेरणेच्या काठावर त्यांची समाधी आहे. धाराशिवहून सकाळी निघालात तर संग्रहालय बघून दुपारच्या लेक्चरला परत याल.