फ्रँकलिन यांची चाळिशी

वाचायच्या चष्म्याला मराठीत चाळिशी म्हणतात, ते उगाच नाही. या वयाच्या आसपास डोळ्यातले नैसर्गिक भिंग ताठर होऊ लागते, जवळचे पाहताना त्याला पुरेसे फुगता येत नाही आणि हातातले वर्तमानपत्र हळूहळू लांब सरकते. ज्यांना दूरचे पाहायलाही चष्मा लागतो, त्यांची पंचाईत दुहेरी. बेंजामिन फ्रँकलिन (१७०६-१७९०) त्यांतलेच एक.

बोस्टनमध्ये साबण-मेणबत्त्या करणाऱ्याच्या घरी जन्म, फिलाडेल्फियात छापखाना, बेचाळिसाव्या वर्षी धंद्यातून निवृत्ती, पुढे विजेचे प्रयोग आणि राजकारण. पतंगवाले फ्रँकलिन शाळेपासून ठाऊक असतात. त्यांचे म्हातारपण मात्र फारसे सांगितले जात नाही आणि खरी गंमत तिथेच आहे.

सत्तरी ओलांडल्यावर ते अमेरिकेचे प्रतिनिधी म्हणून पॅरिसजवळच्या पासी गावात राहत होते. प्रवासात वाचायला एक चष्मा, बाहेरचा देखावा पाहायला दुसरा, सारखी अदलाबदल. कंटाळून त्यांनी दोन्ही प्रकारची भिंगे मधोमध कापवली आणि एकाच चौकटीत बसवून घेतली. वरचा अर्धा भाग दूरचे पाहण्यासाठी, खालचा जवळच्यासाठी. मे १७८५मध्ये लंडनमधल्या मित्राला पत्रातून ही रचना समजावताना त्यांनी जेवणाच्या टेबलाचा फायदा आवर्जून नोंदवला. ताटातले तर दिसेच, पण समोरच्याचा चेहराही दिसे, आणि चेहऱ्यावरचे हावभाव दिसले की फ्रेंच बोलणे नीट कळे. ऐकण्यात डोळ्यांचा किती वाटा असतो, हे त्यांच्या नेमके लक्षात आले होते. असा चष्मा मोजक्याच डोळ्यांना चालेल, असे लंडनचे नामांकित चष्मेवाले डॉलंड यांचे मत होते. फ्रँकलिन यांना ते पटले नाही. बायफोकलची कल्पना सर्वांत आधी त्यांनाच सुचली का, यावर इतिहासकारांत वाद आहे. ती गरजेतून आली, यात मात्र शंका नाही.

या चष्म्याची एक खोच आजच्या ज्येष्ठांनी लक्षात ठेवावी. जिना उतरताना नजर खाली जाते, म्हणजे नेमकी जवळच्या भागातून, आणि पायरी धूसर दिसते. पडण्याचा धोका असलेल्यांना म्हणूनच बाहेर वावरण्यासाठी फक्त दूरचा, साधा चष्मा वेगळा ठेवण्याचा सल्ला दिला जातो.

पडण्याची काळजी फ्रँकलिन यांनाही होतीच. मायदेशी परतल्यावर, १७८६मध्ये, त्यांनी उंच फळीवरची पुस्तके काढण्यासाठी एक लांब हात तयार केला. आठ फुटी पाइनची काठी, टोकाला अंगठा आणि बोट म्हणून दोन पट्ट्या, आणि ओढली की पुस्तक पकडणारी दोरी. म्हाताऱ्या माणसांना चक्कर येते, सांधे पूर्वीसारखे स्थिर राहत नाहीत, तेव्हा त्यांनी शिडीवर चढूच नये, हा त्यामागचा विचार त्यांनी स्वच्छ लिहून ठेवला. कमरेत न वाकता वस्तू उचलण्यासाठी आज जे चिमटे मिळतात, ते याच जातीचे.

दुखण्याने मात्र त्यांना हरवले. भाऊ जॉन यांना मूतखड्याचा त्रास होता, तेव्हा १७५२मध्ये फ्रँकलिन यांनी चांदीकाम करणाऱ्याकडे बसून, काम पुरे होईपर्यंत न हलता, लवचीक मूत्रनळी करवून घेतली होती. तीस वर्षांनी तोच आजार त्यांना जडला, जोडीला गाउट. गाडीचे धक्के असह्य होत, म्हणून १७८५मध्ये पासी सोडताना त्यांना फ्रान्सच्या राणीच्या, खेचरांवर वाहिल्या जाणाऱ्या मेण्यातून नेले गेले. राज्यघटनेच्या १७८७च्या बैठकींना ८१ वर्षांचे फ्रँकलिन सर्वांत वयस्क सदस्य होते. खड्यावर शस्त्रक्रिया होत असे, पण भूल न देता; त्या वयात त्यांनी ती टाळली. अखेरचे वर्ष बहुतांशी अंथरुणात, अफूच्या आधाराने गेले.

आपल्या एकाही शोधावर त्यांनी पेटंट घेतले नाही. अमेरिकेचा पहिला पेटंट कायदा १० एप्रिल १७९० रोजी झाला. १७ एप्रिलला फ्रँकलिन वारले.