ताराबाई मोडक : शाळा मुलांपर्यंत नेणाऱ्या शिक्षणकर्त्या

ताराबाई मोडक यांचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. राजकोट येथील बार्टन अध्यापिका विद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी भूषविले. पुढे ते स्थिर पद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालशिक्षणकार्यात सहभागी झाल्या. १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. तेथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. दलित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडीची कल्पना अशी जन्मास आली.

१९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी त्यांनी हेच सूत्र प्राथमिक शिक्षणालाही लावले. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा भरू लागली. भावंडे सांभाळणाऱ्या मुलींना शिकता यावे म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणण्यात आल्या. शाळाप्रमुखाचे काम हजेरीपटाशी संपत नाही, हे त्यांनी कृतीने दाखविले.

३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. दोन वर्षांनी एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला. मुलाच्या गैरहजेरीचे कारण शाळेने प्रथम स्वतःत शोधावे, हा त्यामागील विचार मात्र प्रत्येक मुख्याध्यापकाला नव्याने आत्मसात करावा लागतो.