योहान गुटेनबर्ग : छापील अक्षरांचा कारागीर



रविवारी मिस्सेला आल्यावर आपल्या हाती गीतांचे पुस्तक असते, वाचकापुढे वाचनग्रंथ असतो आणि घरी परतताना हे पत्रक आपल्याबरोबर येते. छापील अक्षरांची आपल्याला इतकी सवय झाली आहे की ती प्रथम कोणी घडवली, हा प्रश्न सहसा मनात येत नाही. रेल्वे, वीज, टेलिफोन, विमान यांचे आपण कौतुक करतो आणि ते योग्यच आहे. परंतु या शोधांमागचे ज्ञान देशोदेशी आणि पिढ्यानपिढ्या पोहोचले ते मुख्यतः पुस्तकांतून. म्हणून या अंकात आम्ही योहान गुटेनबर्ग या कारागिराची जीवनकथा थोडक्यात सांगत आहोत.

गुटेनबर्गचा जन्म जर्मनीतील ऱ्हाइन नदीकाठच्या माइन्त्स शहरात १४०० सालाच्या सुमारास झाला. त्याची नेमकी जन्मतारीख कोठेही नोंदलेली नाही. त्याच्या हयातीत काढलेले चित्रही उपलब्ध नाही. लांब दाढीचा जो चेहरा आपण पुस्तकांत पाहतो तो त्याच्या मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांनी चित्रकारांनी कल्पनेने रेखाटलेला आहे. घराणे प्रतिष्ठित होते. ज्या घरात कुटुंब राहत असे त्या घराच्या नावावरून त्याला गुटेनबर्ग हे नाव पडले.

त्या काळी युरोपात पुस्तक म्हणजे हस्तलिखित. मठातील संन्यासी किंवा व्यावसायिक लेखनिक ते ओळीमागून ओळ उतरवून काढीत. एक संपूर्ण बायबल लिहून काढायला एका माणसाला वर्षाहून अधिक काळ लागे. साहजिकच पुस्तके महाग होती आणि ती मठ, विद्यापीठे व श्रीमंतांच्या वाड्यांपुरतीच राहत.

१४३४ पासून सुमारे दहा वर्षे गुटेनबर्ग स्ट्रासबर्ग शहरात होता. तेथे त्याने भागीदारीत एक धंदा सुरू केला. आखेन येथील पवित्र अवशेषांच्या दर्शनाला दर सात वर्षांनी हजारो यात्रेकरू जात. त्यांना विकण्यासाठी धातूचे छोटे आरसे तयार करायचे, असा तो बेत होता. पण यात्रा भरायच्या आधीच प्लेगची साथ आली आणि यात्रा एक वर्ष पुढे गेली. पैसे अडकले. त्यातच १४३८ च्या नाताळात एक भागीदार वारला आणि त्याच्या भावांनी गुटेनबर्गवर दावा लावला. १४३९ मध्ये निकाल गुटेनबर्गच्या बाजूने लागला. या दाव्यातील साक्षींमध्ये एका दाबयंत्राचा आणि गुपचूप चाललेल्या कामाचा उल्लेख येतो. छपाईचे प्रयोग तेव्हाच सुरू झाले असावेत, असे अभ्यासक मानतात.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सुट्या अक्षरांनी छापण्याची कल्पना आशियात आधीपासून होती. चीनमध्ये अकराव्या शतकात मातीची सुटी अक्षरे वापरली गेली. कोरियात १३७७ साली धातूच्या खिळ्यांनी छापलेला एक बौद्ध ग्रंथ पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपून ठेवला आहे. गुटेनबर्गला याची माहिती होती असा पुरावा नाही. त्याचे मोठेपण असे की त्याने वेगवेगळ्या कारागिरांची कौशल्ये एका कामात एकत्र आणली. सोनाराप्रमाणे कठीण धातूवर उलटे अक्षर कोरायचे, तो ठसा तांब्यावर ठोकून साचा करायचा आणि त्या साच्यात शिसे, कथील व अँटिमनी यांचा वितळलेला रस ओतून खिळा पाडायचा, अशी त्याची पद्धत परंपरेने सांगितली जाते. एका साच्यातून एकाच अक्षराचे शेकडो खिळे निघत. ते जुळवून पान छापायचे, मग सुटे करून पुढच्या पानासाठी पुन्हा वापरायचे. पाण्यातली शाई धातूवर नीट बसत नाही, म्हणून त्याने तेलातली दाट शाई केली. आणि कागदावर सारखा दाब देण्यासाठी त्या भागात द्राक्षे पिळायला वापरतात तशा स्क्रूच्या यंत्राचा उपयोग केला. ज्या साधनाने द्राक्षांचा रस निघत असे, त्याच धर्तीच्या साधनातून बायबलची पाने निघू लागली.

माइन्त्सला परतल्यावर भांडवलाची अडचण उभी राहिली. १४५० मध्ये त्याने योहान फुस्ट या सधन गृहस्थाकडून ८०० गिल्डर व्याजाने घेतले. हमी म्हणून छपाईची साधनेच गहाण होती. १४५२ मध्ये फुस्टने आणखी ८०० गिल्डर दिले आणि तो पुस्तकांच्या कामात भागीदार झाला. त्या दोघांच्या खटपटीतून लॅटिन बायबल तयार झाले. बहुतेक पानांवर दोन रकान्यांत प्रत्येकी ४२ ओळी, एकूण सुमारे १२८० पृष्ठे आणि सुमारे १८० प्रती. बहुतेक प्रती कागदावर, काही चर्मपत्रावर. १४५४ साली फ्रँकफर्टमध्ये त्याची काही पाने एनेआ सिल्व्हिओ पिकोलोमिनी यांनी पाहिली आणि अक्षरांच्या स्वच्छपणाचे कौतुक एका कार्डिनलांना पत्राने कळवले. हेच पिकोलोमिनी १४५८ मध्ये दुसरे पायस या नावाने पोप झाले.

पुस्तक पूर्णतेला आले आणि त्याच वेळी भागीदारी मोडली. मुद्दल, व्याज आणि व्याजावरचे व्याज धरून फुस्टने २०२६ गिल्डरची मागणी केली. ६ नोव्हेंबर १४५५ रोजी माइन्त्सच्या फ्रान्सिस्कन मठाच्या भोजनगृहात फुस्टने शपथ घेतली. गुटेनबर्ग स्वतः तेथे गेला नाही. त्याने आपली माणसे पाठवली. फुस्टच्या बाजूला साक्षीदार म्हणून उभा होता पेटर श्योफर, जो गुटेनबर्गच्याच कामात हात असलेला कुशल कारागीर होता. या दाव्यानंतर साधनांचा मोठा भाग फुस्टकडे गेला, असे सामान्यतः मानले जाते. १४५७ मध्ये फुस्ट आणि श्योफर यांनी स्तोत्रांचे एक देखणे पुस्तक छापले. छापणाऱ्यांची नावे आणि छपाईची तारीख असलेले युरोपातील ते पहिले पुस्तक. त्यावर गुटेनबर्गचे नाव नव्हते. खरे तर त्याचे नाव असलेले एकही छापील पुस्तक आपल्याला माहीत नाही.

फुस्टला खलनायक ठरवणे सोपे आहे, पण आम्हाला ते न्याय्य वाटत नाही. त्याने शपथेवर सांगितले की दिलेला पैसा त्याने स्वतःही व्याजाने काढला होता. त्याच्याशिवाय बायबल पुरे झाले नसते. तत्त्वज्ञानात एखाद्या गोष्टीची अनेक कारणे शोधायला शिकवतात. या बायबलला गुटेनबर्गची कल्पना, फुस्टचा पैसा आणि श्योफरसारख्यांचे हात ही तिन्ही कारणे होती. प्रत्येकाला आपला वाटा दिसत होता. दुःख याचे की तिघांना एकत्र ठेवील असा विश्वास उरला नाही. आपल्याकडेही भावाभावांच्या आणि भागीदारांच्या तंट्यांत बहुधा हेच घडते.

१४६२ मध्ये आर्चबिशपपदाच्या वादात माइन्त्स शहर लुटले गेले. अनेक कारागीर शहर सोडून गेले आणि जाताना आपली कला घेऊन गेले. अशा रीतीने एका शहराच्या संकटातून छपाईचा प्रसार झाला. १५०० सालापर्यंत युरोपातील अडीचशेहून अधिक गावांत छापखाने झाले होते. म्हाताऱ्या गुटेनबर्गला १४६५ मध्ये आर्चबिशप आडोल्फ यांनी आपल्या दरबाराचा सदस्य केले. दरवर्षी एक पोशाख, धान्य आणि द्राक्षारस असे त्याचे मानधन होते. ३ फेब्रुवारी १४६८ रोजी तो मरण पावला. त्याला फ्रान्सिस्कन बंधूंच्या चर्चमध्ये पुरले असे सांगतात. म्हणजे ज्या मठात त्याच्याविरुद्ध शपथ घेतली गेली, तेथेच. ते चर्च पुढे पाडण्यात आले आणि त्याची कबर आज दाखवता येत नाही.

ही कला आपल्या किनाऱ्यावरही आली. ६ सप्टेंबर १५५६ रोजी गोव्यात एक छापखाना उतरला. तो खरे तर ॲबिसिनियाला जायचा होता, पण गोव्यातच राहिला आणि सेंट पॉल कॉलेजात येशूसंघीयांनी तो चालवला. भारतातील हा पहिला छापखाना. पुढे १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण राशोल येथे छापले गेले. भाषा मराठी, पण देवनागरी खिळे नसल्याने लिपी रोमी! १८०५ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांसह छापले गेले.

छपाईने केवळ चांगलेच घडले असे नाही. बायबलच्याच काळात त्या यंत्रांवर दंडमोचनाची पत्रे छापली गेली. त्या पत्रांच्या व्यापारातून पुढे ख्रिस्तसभेत मोठा वाद पेटला आणि दोन्ही बाजूंची कडवट पत्रके याच यंत्रांनी पसरवली. साधन चांगले, म्हणून त्याचा वापर आपोआप चांगला होत नाही. हातातल्या मोबाइलवरून एखादा मजकूर पुढे धाडताना आपण हे आठवावे.

विहीर एकाने खणावी आणि पाणी गावाने प्यावे, तसे गुटेनबर्गच्या बाबतीत झाले. त्याच्या बायबलच्या पूर्ण-अपूर्ण मिळून सुमारे ५० प्रती आज शिल्लक आहेत आणि जगभर जिवापाड जपल्या जातात. आपल्या धर्मग्रामातही कोणी गीतपुस्तके चिकटवतो, कोणी पत्रके घडी घालतो, कोणी मुलांना पहिले अक्षर गिरवायला शिकवतो. त्यांची नावे कोठे छापली जात नाहीत. या आठवड्यात अशा एका तरी माणसाला आपण होऊन धन्यवाद द्यावेत, आणि ज्या भागीदाराशी किंवा भावाशी हिशेबावरून बोलणे थांबले आहे, त्याच्या घरी एकदा जाऊन यावे, एवढीच आमची विनंती.