कारागिरांच्या धुराची दखल घेणारे वैद्य : बर्नार्दिनो रामाझिनी

बिदरमध्ये बिदरी कामाची परंपरा बहमनी काळापासून चालत आली आहे. जस्तात थोडे तांबे मिसळून ते वितळवायचे, साच्यात ओतायचे, छिन्नीने नक्षी कोरून तीत चांदी ठोकून बसवायची आणि शेवटी किल्ल्यातील जुन्या मातीत नवसागर मिसळून भांडे काळेभोर करायचे, असा हा क्रम. जस्त प्रमाणाबाहेर तापले की पांढरा धूर उठतो. तो छातीत गेला, तर काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. आज कोरीव कामासाठी छिन्नीच्या जोडीला लेसर यंत्र आले आहे. हत्यार बदलले, तरी धूर सुटलेला नाही. या धुरामागचा माणूस वैद्यकाच्या कक्षेत आणण्याचे मोठे श्रेय इटलीतील बर्नार्दिनो रामाझिनी यांना जाते.

रामाझिनी यांचा जन्म 1633 साली कार्पी या गावी झाला. पार्मा येथे वैद्यकाचे शिक्षण पूर्ण करून 1659 मध्ये त्यांनी पदवी मिळवली. पुढे रोमच्या परिसरातील लहान गावांत त्यांनी वैद्यकी केली. परंतु हिवतापाने गाठल्यामुळे त्यांना गावी परतावे लागले. नंतर ते मोदेना शहरात स्थिरावले आणि 1682 मध्ये तेथील विद्यापीठात प्राध्यापक झाले.

त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते घरातील शौचकूप उपसणाऱ्या एका मजुरामुळे. तो मजूर जिवाच्या आकांताने घाई करीत होता. रामाझिनी यांनी कारण विचारले, तेव्हा त्याने सांगितले की, आत अधिक वेळ राहिल्यास डोळे जातात. रामाझिनी यांनी त्याचे डोळे तपासले, ते लाल आणि निस्तेज होते. शहरात त्यांना अशा कामातून अंध झालेले आणखी मजूर भीक मागताना आढळले. त्यानंतर ते कारागिरांच्या कारखान्यांत जाऊन बसू लागले. सोन्याचा मुलामा देताना पारा तापवून उडवणारे सोनार तोंड फिरवून बसले, तरी त्यांना घेरी, दमा आणि कंप कसा जडतो, शिसे वापरणाऱ्या कुंभारांचे हात कसे लुळे पडतात, हे त्यांनी नोंदवले.

या निरीक्षणांतून 1700 साली कारागिरांच्या रोगांवरील त्यांचा लॅटिन ग्रंथ मोदेना येथे प्रसिद्ध झाला. त्यात चाळीसहून अधिक व्यवसायांचा विचार होता. प्राचीन वैद्यांनी रोग्याला विचारण्यासाठी घालून दिलेल्या प्रश्नांत त्यांनी एकाची भर घातली : रोग्याचा धंदा कोणता? खाणीतील कोंडलेली हवा यंत्रांनी बाहेर काढणे आणि विषारी धुळीपासून तोंड झाकणे, या उपायांचीही त्यांनी नोंद घेतली.

याच ग्रंथात फिनाले गावातील एका खटल्याची हकिगत आहे. मोदेनाच्या एका व्यापाऱ्याचा तेथे पाऱ्याचे रसायन बनवण्याचा कारखाना होता. भट्टीच्या धुराने सारी वस्ती बाधते, तेव्हा कारखाना गावाबाहेर न्यावा, अशी फिर्याद एका नागरिकाने केली. त्याने पुरावा म्हणून गावच्या वैद्याची साक्ष आणि चर्चमधील मृत्यूंची नोंदवही सादर केली. कारखान्याजवळच्या भागात दरवर्षी इतर भागांपेक्षा अधिक माणसे मरत होती, तीही क्षयाने आणि छातीच्या विकारांनी. दोन्ही बाजूंच्या वैद्यांनी युक्तिवाद केले आणि अखेर निकाल कारखानदाराच्या बाजूने लागला.

1700 मध्येच रामाझिनी पादुआच्या विख्यात विद्यापीठात गेले. पुढे त्यांची दृष्टी जवळजवळ गेली, तरी अध्यापन सुटले नाही. 1713 मध्ये त्यांनी आणखी बारा व्यवसायांची भर घालून ग्रंथाची नवी आवृत्ती काढली. 5 नोव्हेंबर 1714 रोजी व्याख्यानाला निघण्याच्या तयारीत असताना त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यातच त्यांचे निधन झाले.

लेसर यंत्रावर काम करणाऱ्या आजच्या तरुणालाही हे चरित्र उपयोगी आहे. ॲक्रिलिक, लाकूड, चामडे जळताना सूक्ष्म कण आणि वायू दोन्ही निघतात. पीव्हीसी किंवा त्यापासून केलेले रेक्झीन लेसरखाली घातले, तर हायड्रोजन क्लोराइड सुटतो. तो फुप्फुसांना भाजतो आणि यंत्रालाही गंज चढवतो. म्हणून तो माल यंत्रावर घेऊच नये. धूर उठतो तेथूनच तो ओढून घ्यावा. नळी आखूड व कमी वळणांची असावी आणि पंखा बाहेरच्या टोकाला बसवावा, म्हणजे सांध्यांतून धूर खोलीत गळत नाही. कापडी मुखपट्टी वायू अडवू शकत नाही. कणांसाठी बारीक गाळणी आणि वायूंसाठी सक्रिय कोळसा लागतो. हा कोळसाही ठरावीक काळाने निकामी होतो व तो बदलावा लागतो.

नळीचे तोंड शेजाऱ्याच्या खिडकीकडे वळवले, तर तो बंदोबस्त नव्हे. तो फिनालेचाच खटला पुन्हा उभा करणे होय. म्हणूनच बिदर-कलबुर्गीच्या सीमाभागात काय किंवा गोव्यात काय, खोकला घेऊन आलेल्या रोग्याला त्याचा धंदा विचारण्याची गरज आजही तितकीच आहे.