वर्ध्याचा क्रांतिकारक, मेक्सिकोचा मका

मेक्सिको सिटीतील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर विख्यात चित्रकार दिएगो रिव्हेरा यांचे एक भित्तिचित्र आहे. मेजाभोवती कष्टकरी जमले आहेत आणि मध्यभागी बसलेले गृहस्थ त्यांच्यासाठी पाव मोडत आहेत. ते गृहस्थ आपल्या वर्ध्याचे होते, हे इकडे फार थोड्यांना ठाऊक असते.

डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे मूळचे सशस्त्र क्रांतीच्या वाटेवरचे. लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने त्यांनी तरुणपणीच देश सोडला. जपानमार्गे ते अमेरिकेत पोहोचले आणि तेथे कृषिशास्त्र शिकले. १९१३ मध्ये उभ्या राहिलेल्या गदर चळवळीच्या संस्थापकांत ते होते. पहिल्या महायुद्धात इराणात ब्रिटिश फौजेशी लढले. पुढे बर्लिन, मॉस्को अशी वणवण झाली. मायदेशाची दारे मात्र बंदच होती.

१९२४ मध्ये ते मेक्सिकोत आले आणि चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. मराठवाड्यात ज्वारीचे जे स्थान, तेच तिथे मक्याचे. संकराचे काम चिकाटीचे असते. एका झाडाचा पराग दुसऱ्याच्या कणसावर टाकायचा, उगवलेल्या असंख्य रोपांतून मोजकी निवडायची आणि पुढच्या हंगामाची वाट पाहायची. खानखोजे यांनी मक्याचा तेओसिंते या त्याच्या रानटी भाऊबंदाशी संकर घडवला. अनेक कणसांच्या एका जातीला नाव मिळाले ‘ग्रॅनाडा’, म्हणजे स्पॅनिशमध्ये डाळिंब! अवर्षणाला आणि रोगाला टिकणाऱ्या गव्हावरही त्यांनी काम केले. एवढ्यावर न थांबता त्यांनी गोरगरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषी शाळा काढल्या. बियाणे प्रयोगशाळेत राहून उपयोग नाही, हे त्यांनी ओळखले होते.

भारत स्वतंत्र झाला, तरी परतीचा मार्ग सोपा नव्हता. इंग्रजांनी काळ्या यादीत टाकलेले त्यांचे नाव स्वतंत्र देशाच्या दप्तरातही तसेच होते, त्यामुळे त्यांना प्रथम व्हिसाच नाकारला गेला. ज्या देशासाठी घर सोडले, त्याच्याच दारात त्यांना परवानगी मागावी लागली. अखेर १९५५ मध्ये ते सहकुटुंब परतले आणि नागपुरात स्थायिक झाले.

१९६६ मध्ये भारताने मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचे बियाणे आणले. नॉर्मन बोरलॉग यांच्या त्या वाणांचा गाजावाजा सुरू असतानाच, २२ जानेवारी १९६७ रोजी खानखोजे यांचे निधन झाले. चापिंगो विद्यापीठात त्यांचा पुतळा उभा राहिला, तो २०२२ मध्ये.