नामदार गोखले आणि तीन पौंडांचा हिशेब

१९१४ च्या जानेवारी महिन्यात मध्य प्रांताचे चीफ कमिशनर सर बेंजामिन रॉबर्टसन नागपूरची आपली कचेरी सोडून दक्षिण आफ्रिकेत दाखल झाले. जुन्या नागपूरकरांना हे नाव रॉबर्टसन मेडिकल स्कूलमुळे ठाऊक आहे. त्या काळी सक्करदरा म्हणजे भोसल्यांचा राजवाडा आणि तलाव; शहराची दाट वस्ती तिथवर पोचायची होती. आज त्याच सक्करदऱ्यातील आणि उमरेड मार्गावरील कितीतरी घरांतून मुले-मुली नोकरी-शिक्षणासाठी परदेशी गेलेली आहेत. व्हिसा, परवाना, विमानतळावरील चौकशी हे शब्द या घरांतून रोजचे झाले आहेत. परक्या देशाच्या सीमेवर उभ्या असलेल्या आपल्या माणसाला कोणी कसे वागवले, याचा जाब विचारता येतो, ही कल्पनाच ज्या काळी रूढ नव्हती, त्या काळी ती रुजविणारा एक मराठी माणूस होता. रॉबर्टसनसाहेबांना नागपुरातून आफ्रिकेस जावे लागले, त्यामागेही त्याचेच अविश्रांत श्रम होते. तो माणूस म्हणजे नामदार गोपाळ कृष्ण गोखले.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या खेड्यात झाला. वडील कागल संस्थानात नोकरीस होते. गोपाळ तेरा वर्षांचा असताना ते वारले आणि थोरले बंधू गोविंदराव यांनी तुटपुंज्या पगारातून धाकट्याचे शिक्षण चालविले. १८८४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी घेऊन गोखले पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले आणि पुढे फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक. न्यायमूर्ती रानडे यांच्या हाताखाली त्यांनी सरकारी अहवाल, अंदाजपत्रके आणि आकड्यांची कोष्टके वाचण्याची कठोर तालीम घेतली. सरकारशी बोलायचे तर सरकारच्याच दप्तरातील कागद पुढे करून बोलायचे, हा धडा त्यांना तेथे मिळाला.

या धड्याची खरी किंमत मात्र त्यांना १८९७ मध्ये कळली. वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी ते विलायतेत गेले असताना पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी गोरे सोल्जर घरोघर शिरत होते. त्यांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याची वार्ता पुण्याहून आलेल्या पत्रांतून गोखल्यांना समजली व त्यांनी ती इंग्लंडमध्ये जाहीर केली. परत आल्यावर पुरावा मागितला गेला, तेव्हा पत्रे लिहिणाऱ्यांची नावे उघड करणे शक्य नव्हते आणि आरोप शाबीत करता येईनात. गोखल्यांनी जाहीर व बिनशर्त माफी मागितली. स्वकीयांनी त्यांची निर्भर्त्सना केली. तो डाग त्यांना वर्षानुवर्षे बोचत राहिला. सत्तेचा जुलूम खरा असला, तरी पुराव्यावाचून केलेला आरोप जुलमी माणसालाच मोकळा सोडतो, हे ते या प्रसंगातून शिकले. पुढील अठरा वर्षांत त्यांनी उच्चारलेल्या प्रत्येक आकड्यामागे या माफीची आठवण उभी होती, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

१९०२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात निवडून गेले. १९०५ मध्ये त्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली आणि त्याच वर्षी बनारसच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपदही भूषविले. नागपूरशी त्यांचा संबंध जडला तो या समाजामार्फत. १९११ मध्ये त्यांच्या पुढाकाराने नागपुरात ‘हितवाद’ हे इंग्रजी पत्र सुरू झाले आणि आजही ते निघत आहे.

गिरमिटाचा प्रश्न गोखल्यांपुढे आला तो याच काळात. मूळ इंग्रजी ‘ॲग्रीमेंट’ या शब्दाचे मजुरांच्या तोंडी गिरमिट झाले. १८६० च्या नोव्हेंबरमध्ये मद्रासहून निघालेले ‘ट्रुरो’ हे जहाज डरबनला लागले, तेव्हापासून १९११ पर्यंत सुमारे दीड लाख हिंदी मजूर नाताळच्या उसाच्या मळ्यांत व कोळशाच्या खाणींत नेण्यात आले. करार पाच वर्षांचा असे. तो संपल्यावर मजुराने परत जावे किंवा पुन्हा करार करावा, अशी गोऱ्या मळेवाल्यांची इच्छा होती. स्वतंत्र हिंदी शेतकरी व दुकानदार त्यांना नको होता. म्हणून १८९५ च्या कायद्याने करारमुक्त होऊन तेथेच राहणाऱ्या मजुरावर वर्षाला तीन पौंडांचा कर बसविण्यात आला. नाताळच्या सरकारला मुळात पंचवीस पौंड हवे होते. हिंदुस्थान सरकारने तीनला मान्यता दिली. पुढे हा कर सोळा वर्षांवरील मुलगे आणि तेरा वर्षांवरील मुली यांनाही लागू झाला.

याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. नवरा, बायको आणि दोन वयात आलेली मुले अशा कुटुंबाला वर्षाला बारा पौंड, म्हणजे दोनशे चाळीस शिलिंग भरावे लागत. कर्त्या पुरुषाची मिळकत महिन्याला सरासरी चौदा शिलिंगांहून अधिक नसे. म्हणजे सतरा महिन्यांची कमाई बारा महिन्यांच्या वास्तव्यासाठी सरकारजमा करायची. हा महसुली कर नव्हता. परत जा किंवा पुन्हा गुलामीत शिरा, असे सांगणारी ती नोटीस होती. शेजारच्या ट्रान्सव्हालमध्ये तर १९०७ च्या कायद्याने प्रत्येक हिंदी माणसाला बोटांचे ठसे देऊन परवाना जवळ बाळगणे सक्तीचे केले. त्याविरुद्ध बॅरिस्टर मोहनदास गांधी यांनी सत्याग्रह उभारला.

२५ फेब्रुवारी १९१० रोजी गोखल्यांनी कायदेमंडळात नाताळसाठी होणारी मजूरभरती बंद करण्याचा ठराव मांडला. नाताळची सारी शेती या मजुरांवर अवलंबून होती, हे त्यांनी हेरले होते. ज्या वसाहतीला आमचे श्रम हवेत पण आमची माणसे नकोत, तिला श्रमही मिळू नयेत, असे हे सरळ तर्कशास्त्र होते. सरकारने ठराव मान्य केला आणि १ जुलै १९११ पासून नाताळकडे जाणारी भरती थांबली. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी गिरमिटाची पद्धतच मुळातून रद्द करावी, असा दुसरा ठराव आणला. मजुराला परक्या मुलखातील कायदे ठाऊक नसतात; काम चुकले तर त्याला कैद होते; दर शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया एवढीच भरती केल्यामुळे संसार उद्ध्वस्त होतात; आणि मजुरांच्या रक्षणासाठी नेमलेले अधिकारी मळेवाल्यांच्याच बाजूचे असतात, अशी एकेक बाजू त्यांनी उलगडून दाखविली. बिनसरकारी बावीस सभासद त्यांच्या बाजूने उभे राहिले. तेहेतीस मते विरुद्ध पडली. ठराव पडला, पण सरकारी बाकांवरील अस्वस्थता लपली नाही.

त्याच वर्षी २२ ऑक्टोबरला गोखले केपटाऊनला उतरले. मधुमेहाने शरीर पोखरलेले होते. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने त्यांना शाही पाहुण्यासारखे वागविले, प्रवासासाठी रेल्वेचा खास सलून दिला. ज्या देशात सामान्य हिंदी माणसाला एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जाण्याची मोकळीक नव्हती, तेथे हा एकच हिंदी माणूस सलूनमधून फिरत होता. गोखल्यांना ही विसंगती समजत होती. नाताळमध्ये त्यांनी करग्रस्त मजुरांच्या कहाण्या समक्ष ऐकल्या. जोहान्सबर्गमध्ये कोकणी मुसलमान आणि मराठी हिंदू यांच्यासाठी ते मराठीत बोलले आणि त्याचे भाषांतर गांधींनी केले. गुजराती गांधी मराठीचा अनुवाद कसा करणार, याची त्यांना आधी शंकाच होती.

१४ नोव्हेंबर रोजी प्रिटोरियात जनरल बोथा आणि जनरल स्मट्स या मंत्र्यांशी त्यांची सुमारे दोन तास भेट झाली. बाहेर आल्यावर त्यांनी गांधींना सांगितले, की वर्षभरात काळा कायदा जाईल, वर्णभेदाचे कलम निघेल आणि तीन पौंडांचा करही रद्द होईल. गांधींना याची खात्री वाटली नाही, आणि पुढे त्यांचीच शंका खरी ठरली. ज्या माणसाने आयुष्यभर कागदावर भर दिला, त्याच्या हाती या भेटीतून एकही कागद आला नव्हता. मायदेशी परतल्यावर, हिंदी लोकांच्या प्रवेशाचा तात्त्विक हक्कच त्यांनी सोडून दिला, अशी टीका सर फिरोजशहा मेहतांसारख्या जुन्या सहकाऱ्यांनी केली. १९१३ मध्ये नाताळच्या गोऱ्या प्रतिनिधींच्या विरोधाचे कारण पुढे करून स्मट्स यांनी कर पूर्णपणे उठविण्यास नकार दिला, आणि गोखल्यांना तसे वचन दिलेच नव्हते, असा पवित्रा घेतला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये न्यायमूर्ती सर्ल यांच्या निकालाने ख्रिस्ती पद्धतीने न झालेले हिंदी विवाह प्रवेशाच्या कायद्यापुरते अमान्य ठरले. पत्नीला बंदरातूनच परत पाठविण्याचा अधिकार इमिग्रेशन अधिकाऱ्याला मिळाला.

मोडलेल्या शब्दाची किंमत मजुरांनी मोजली. ६ नोव्हेंबर १९१३ रोजी दोन हजारांहून अधिक स्त्री-पुरुष व मुले परवान्याविना ट्रान्सव्हालची सीमा ओलांडून गेली. अटक झालेल्या संपकऱ्यांना सरकारने खाणींकडे परत नेले. खाणींची आवारेच तुरुंग म्हणून जाहीर झाली आणि खाणमालकांचे नोकर तेथे जेलर बनले. चाबकाचे फटके पडले, काही ठिकाणी गोळ्या झाडल्या गेल्या. वल्लियम्मा ही अवघ्या सोळा वर्षांची तामिळ मुलगी तुरुंगात जडलेल्या आजाराने फेब्रुवारी १९१४ मध्ये मरण पावली. जो मालक तोच शिपाई आणि तोच तुरुंगाधिकारी असेल, तर तक्रार कोणाकडे करायची, हा प्रश्न या प्रकरणाने जगापुढे आणला.

आजारी गोखल्यांनी त्या महिन्यांत स्वतःला अक्षरशः झिजविले. संपकऱ्यांसाठी देशभर निधी उभा केला, तारांमागून तारा केल्या, अँड्र्यूज व पिअर्सन यांना आफ्रिकेत पाठविले. लोकमत इतके तापले, की २४ नोव्हेंबर १९१३ रोजी मद्रासच्या भाषणात व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंज यांनी निःपक्षपाती चौकशीची उघड मागणी केली. साम्राज्याच्या एका सरकारने दुसऱ्या सरकारला असा जाब विचारल्याचे उदाहरण विरळाच. डिसेंबरात सॉलोमन आयोग नेमला गेला. मात्र त्यात एकही हिंदी प्रतिनिधी नव्हता आणि तिघांपैकी दोघे हिंदी लोकांविषयीच्या प्रतिकूल मतांसाठी प्रसिद्ध होते. गांधींनी बहिष्कार पुकारला. गोखल्यांना तो मान्य नव्हता. १८९७ ची जखम सोसलेला माणूस पुरावा नोंदविण्याची संधी सोडायला कसा तयार होणार? तरीही मतभेद गिळून त्यांनी गांधींची पाठराखण केली. हिंदुस्थान सरकारची बाजू मांडण्यासाठी नागपूरहून रॉबर्टसन गेले ते याच आयोगापुढे.

आयोगाच्या अहवालानंतर जुलै १९१४ मध्ये कायदा झाला. तीन पौंडांचा कर रद्द झाला. हिंदी विवाहांना मान्यता मिळाली. दोघांचीही बाजू अंशतः खरी ठरली. बहिष्काराच्या आणि सत्याग्रहाच्या दबावावाचून कायदा बदलला नसता. पण साक्षी न झाल्यामुळे खाणींतील मारहाणीची सांगोपांग शहानिशाही झाली नाही. सुधारणा पदरात पडली, जबाबदारी मात्र कोणावरच निश्चित झाली नाही. जमीन, व्यापार आणि प्रांताप्रांतांतील संचार यांवरील बंधनेही तशीच राहिली.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात गोखल्यांचे निधन झाले. त्यांना पुरती एकोणपन्नास वर्षेही लाभली नाहीत. गिरमिटाची भरती १९१७ मध्ये थांबली आणि १९२० च्या आरंभी ती पद्धत संपुष्टात आली. १९१२ मध्ये तेहेतीस मतांनी पाडलेली मागणी सरकारला अखेर मान्य करावी लागली. ती पाहायला ते नव्हते.

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानाने १०४ भारतीयांना अमृतसरला आणून सोडले, तेव्हा त्यांत महाराष्ट्रातील तिघे होते. हातापायांतील बेड्यांवरून संसदेत प्रश्न विचारले गेले. कोणत्याही देशाला आपल्या सीमेवर कायदा राबविण्याचा अधिकार आहे, हे गोखल्यांनीही नाकारले नव्हते. त्याबद्दल त्यांनी स्वकीयांचे बोल खाल्ले. तो अधिकार कोणी, कोणत्या नियमाने आणि कोणाच्या देखरेखीखाली वापरला, याचा हिशेब मात्र ते शेवटपर्यंत मागत राहिले. त्यासाठी पुरावा गोळा करणे, आश्वासन लेखी घेणे आणि चौकशी करणारा तटस्थ असावा असा आग्रह धरणे, या तीन गोष्टी लागतात. यांपैकी एक जरी सुटली तरी काय होते, हे गोखल्यांचे चरित्रच सांगते. नियम बदलतात, पण फटके मारणारा हात कोणाचा होता, हे दप्तरात कधीच नोंदले जात नाही.